डेन्झिंगर: चर्चची शिकवण टिकली का, हे तपासण्याचा ग्रंथ

पोपच्या गादीचे सौदे झाले, बिशपपदं विकली गेली, पाखंडी मतं थेट आत शिरली; तरी चर्चची मूळ शिकवण शाबूत राहिली का? या वादात दोन्ही बाजूंची माणसं एकाच ग्रंथातले आकडे एकमेकांवर फेकत असतात. एक म्हणतो ‘३०७४ वाचा’, दुसरा म्हणतो ‘आधी ५५२ वाचा’. हे आकडे ‘एन्किरिडिऑन सिम्बोलोरम’ या ग्रंथातले. संपादकाच्या नावावरून सगळे त्याला नुसतं ‘डेन्झिंगर’ म्हणतात. विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरीव कबुल्या), धर्मपरिषदांचे निर्णय, पोपची पत्रं आणि निषेधपत्रकं यांचा हा संग्रह आहे. यात कथन नाही, युक्तिवाद नाही. आहेत ते मूळ दस्तऐवज, आणि समासात प्रत्येक परिच्छेदाचा क्रमांक.

हाइनरिश डेन्झिंगर हे जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गचे प्राध्यापक. पहिली आवृत्ती १८५४ ची. पुढे संपादक बदलत गेले आणि ग्रंथ फुगत गेला. ग्राहकाच्या दृष्टीने तीन टप्पे महत्त्वाचे. १९०८ ची बानवार्टची आवृत्ती, जिचे क्रमांक पुढे अर्धशतक चालले. १९६३ ची शोनमेत्सरची ३२वी आवृत्ती, जिच्यात सगळे क्रमांक नव्याने घातले गेले. आणि १९९१ पासूनची ह्युनरमनची, जिच्यात मूळ मजकुराशेजारी जर्मन भाषांतर आलं. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी ह्युनरमनच्या ४३व्या आवृत्तीचं इग्नेशियस प्रेसने २०१२ मध्ये काढलेलं द्विभाषिक पुस्तक आहे. आज घ्यायचं तर हेच. हजारावर पानं, जाड बांधणी, एका स्तंभात लॅटिन किंवा ग्रीक आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी.

पहिली ठेच क्रमांकांचीच लागते. १९६३ च्या आधीच्या पुस्तकांत आणि लेखांत जुने क्रमांक असतात. पोपच्या अचूकपणाची, म्हणजे ठरावीक अटींत शिकवताना पोप चुकू शकत नाही या सिद्धान्ताची, १८७० ची व्याख्या जुन्या क्रमाने १८३९, नव्या क्रमाने ३०७४. जुना आकडा घेऊन नवी आवृत्ती उघडली तर तुम्ही सोळाव्या शतकातल्या ट्रेंट परिषदेच्या शेवटच्या पानांपाशी जाऊन पोचता आणि लेखकाने थाप मारली असं वाटतं. संदर्भात नुसतं ‘डी’ असेल तर तो जुना क्रमांक, ‘डीएस’ किंवा ‘डीएच’ असेल तर नवा. शोनमेत्सरच्या आवृत्तीत जुन्या-नव्याचा तक्ता आहे. डेफेरारीचं १९५७ चं इंग्रजी भाषांतर ३०व्या आवृत्तीवरून केलेलं, म्हणजे त्यात सगळे जुनेच आकडे. या खाली दिलेले सगळे क्रमांक नवे आहेत.

मांडणी सोपी आहे. १ ते ७६ विश्वासांगीकार. १०१ पासून पोपच्या क्रमाने दस्तऐवज. पहिला रोमचा क्लेमेंट. धर्मपरिषद ज्या पोपच्या काळात भरली त्याच्याखाली सापडते. प्रत्येक दस्तऐवजाच्या डोक्यावर बारीक टायपात ऐतिहासिक टिपण असतं: कोणी, कोणाला, कशावरून लिहिलं, मजकूर कुठल्या हस्तलिखितावरून घेतला. घाईत असलेला वाचक हे टिपण ओलांडून जातो, आणि मग चुकतो. पाचव्या शतकातला एक कृपाविषयक संग्रह (२३८ ते २४९) पूर्वी पोप सेलेस्टाइनच्या नावावर खपायचा. तो त्याच शतकातला धर्मलेखक प्रॉस्पर याचा असल्याचं आता मानतात. ‘अथानेशियसचा’ म्हणून प्रसिद्ध असलेला विश्वासांगीकारही (७५-७६) अथानेशियसचा नाही. ही माहिती त्या बारीक टायपातच मिळते.

आता मूळ प्रश्न. भ्रष्ट माणसाच्या हातून चर्चचं काम खरं होतं का, याचा निवाडा या ग्रंथात एका जागी नाही. तो तेराशे वर्षांच्या साखळीत आहे, आणि डेन्झिंगर वापरायची खरी रीतही तीच. एक क्रमांक उचलायचा नाही, साखळी वाचायची. ११० ला सुरुवात करा: तिसऱ्या शतकात पोप स्टीफन सांगतो की पाखंड्यांकडून आलेल्याचा पुन्हा बाप्तिस्मा करू नका; कार्थेजचा सिप्रियन नेमक्या उलट मताचा. १२३ वर ३१४ ची आर्ल परिषद: परतलेल्या माणसाला विश्वासांगीकार विचारा, त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने बाप्तिस्मा झालेला असेल तर नुसता हस्तस्पर्श करा, म्हणजे डोक्यावर हात ठेवा. मग मध्ये मोठी उडी. ७९३ वर, १२०८ मध्ये, वॉल्डेन्सियन या बंडखोर पंथातून परतणाऱ्यांसाठी लिहिलेल्या विश्वासांगीकारात स्पष्ट म्हटलंय की याजक पापी असला तरी त्याने दिलेले संस्कार खरेच. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेत इंग्लंडचा बंडखोर धर्मपंडित विक्लिफ याचं चौथं विधान, ‘बिशप किंवा याजक घोर पापात असेल तर त्याची दीक्षा, पवित्रीकरण, बाप्तिस्मा काहीच होत नाही’, निषिद्ध ठरलं (११५४). आणि १५४७ मध्ये ट्रेंटने तेच शापाच्या भाषेत पक्कं केलं (१६१२).

ही पाच पानं ओळीने वाचली की एक गोष्ट लख्ख दिसते. ‘चर्च शुद्ध राहिलं का’ या प्रश्नाला रोमने कधीही ‘आमची माणसं शुद्ध होती’ असं उत्तर दिलेलं नाही. उत्तर कायम असं की माणूस सडला तरी संस्कार सडत नाही. चौथ्या शतकातले आफ्रिकेतले फुटीर डोनाटिस्ट, वॉल्डेन्सियन, विक्लिफ आणि बोहेमियाचा हुस यांचा आक्षेप नेमका याच सांध्यावर होता. हे उत्तर पटो न पटो, ते मागाहून शोधून काढलेली पळवाट नव्हे, एवढं क्रमांकांवरून सिद्ध होतं. वादातला निम्मा गोंधळ इथे मिटतो.

ग्रंथाची सर्वांत चांगली कसोटी म्हणजे पोप होनोरियसचं प्रकरण, कारण ते संपादकांना अडचणीचं आहे. ४८७ उघडा. ६३४ च्या सुमारास होनोरियस कॉन्स्टँटिनोपलच्या सर्जियसला लिहितो की आपण येशू ख्रिस्ताची एकच इच्छा कबूल करतो. लगेच ४९६ ते ४९८: पोप जॉन चौथा ६४१ मध्ये त्याची बाजू सावरतो; एका माणसाच्या आत परस्परविरोधी दोन मानवी इच्छा नव्हत्या, एवढंच त्याला म्हणायचं होतं, असा त्याचा अर्थ. मग ५५० ते ५५२: ६८१ ची सहावी विश्वपरिषद होनोरियसला नाव घेऊन शाप देते. ५५६ च्या आसपास त्याच परिषदेची व्याख्या: ख्रिस्ताच्या दोन इच्छा, दैवी आणि मानवी. आणि ५६३ वर पोप लिओ दुसरा परिषदेला मान्यता देताना होनोरियसविषयी जे लिहितो त्याच्या लॅटिन आणि ग्रीक मजकुरात फरक आहे: लॅटिनप्रमाणे त्याने निष्कलंक श्रद्धा उलथवायचा प्रयत्न केला, ग्रीकप्रमाणे ती मलिन होऊ दिली. हा फरक ग्रंथ दडवत नाही. एवढं वाचून ३०७४ वर जायचं, आणि १८७० च्या व्याख्येतल्या अटी एकेक तपासायच्या: सर्व ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ आणि शिक्षक या नात्याने, सर्वोच्च अधिकाराने, श्रद्धा किंवा नीती यांविषयी, संपूर्ण चर्चने मानायची शिकवण. सर्जियसला लिहिलेलं पत्र या अटींत बसत नाही, असं कॅथलिक बाजू म्हणते. अटी १२०० वर्षांनी बेतून घेतल्या, असं विरोधी बाजू म्हणते. दोन्ही म्हणणी त्याच सहा-सात पानांवर उभी आहेत. यापलीकडे संदर्भग्रंथाकडून काय हवं?

तसंच जॉन बाविसाव्याचं. अविन्योंच्या प्रवचनांतून तो सांगत होता की नीतिमानांच्या आत्म्यांना अंतिम न्यायापर्यंत देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध केला. डिसेंबर १३३४ मध्ये, मरणाच्या आदल्या दिवशी, त्याने माघार घेतली (९९०-९९१), आणि १३३६ मध्ये पुढच्या पोपने नेमकी उलट बाजू व्याख्या करून पक्की केली (१०००-१००२). चौथ्या शतकातला पोप लिबेरियस याची हद्दपारीतली शरणागतीची पत्रंही इथे आहेत (१३८ ते १४३). आक्षेप घेणाऱ्यांना दारूगोळा पुरवायला हा ग्रंथ कचरत नाही. बॉनिफेस नवव्याने १४०० मध्ये इंग्लंडमधल्या एका मठाधिपतीला, तो बिशप नसताना, याजकांची दीक्षा द्यायचा अधिकार दिला आणि लंडनच्या बिशपने तक्रार केल्यावर १४०३ मध्ये काढून घेतला. हे कागदही ११४५-११४६ वर छापले आहेत.

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही.

६७० वर बोट ठेवा. पोप स्टीफन पाचवा, साधारण ८८७: तापल्या लोखंडाने आणि उकळत्या पाण्याने आरोपीची परीक्षा घेऊ नका. चांगला दस्तऐवज. पुढचा क्रमांक ६७५: ९९३, जॉन पंधरावा, आउग्सबुर्गच्या उलरिखला संतपद. त्याच्या पुढचा ६८०: १०५३, लिओ नवव्याचा विश्वासांगीकार. तीन थांब्यांत दीडशेहून अधिक वर्षं संपली. याच काळात, ८९७ मध्ये, पोप फॉर्मोससचं प्रेत उकरून, पोपचा वेश चढवून त्याच्यावर खटला भरला गेला. याच काळात जॉन बारावा विशीच्या आतबाहेर गादीवर आला. १०४५ मध्ये बेनेडिक्ट नवव्याने पोपपद पैसे घेऊन सोडलं आणि पुढच्याच वर्षी सुत्रीच्या सभेत सम्राटाने सगळा घोळ निस्तरला. डेन्झिंगरमध्ये यातलं काही नाही, कारण यातून सिद्धान्ताचा कागद निपजला नाही. भ्रष्टाचार या ग्रंथात तेव्हाच शिरतो जेव्हा तो सिद्धान्ताचा प्रश्न उभा करतो: ६९१ ते ६९४ वर १०६० चा ठराव आहे, पैसे देऊन पद मिळवलेल्या बिशपांनी दिलेल्या दीक्षांचं काय करायचं, यावर. पैसे कोणी, कुठे, किती दिले, हे विचारायचं नाही.

म्हणून फक्त हा ग्रंथ वाचून ‘बघा, शिकवणीला कुठे डाग आहे?’ म्हणणं म्हणजे कंपनीचे नुसते ठराव वाचून हिशेब चोख असल्याची ग्वाही देणं आहे.

पापक्षमापत्रांच्या बाबतीत हे फार ठळक जाणवतं. सिद्धान्ताची साखळी पूर्ण आहे: १०२५ वर १३४३ मध्ये पुण्यसंचयाची (ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याच्या साठ्यातून क्षमा देण्याची) कल्पना, १३९८ वर १४७६ मध्ये ती क्षमा शुद्धिस्थानातल्या, म्हणजे मरणानंतर स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांसाठी लागू, १४४७ वर नोव्हेंबर १५१८ मध्ये लिओ दहाव्याचं स्पष्टीकरण, म्हणजे लुथरच्या प्रबंधांनंतर वर्षभराने, आणि १८३५ वर डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंटचा ठराव: क्षमा देण्याचा अधिकार खरा, पण त्यातली दुष्ट कमाई साफ बंद. पण ती कमाई काय होती? मागदेबुर्ग आणि माइन्त्स अशी दोन आर्चबिशपपदं एकट्याने धरण्यासाठी ब्रांडेनबुर्गच्या आल्ब्रेख्टने फुगर पेढीकडून कर्ज काढलं आणि फेडीसाठी पापक्षमापत्रांच्या उत्पन्नातला वाटा ठरला, हे डेन्झिंगरच्या कुठल्याही क्रमांकात येत नाही. ट्रेंट परिषद सिद्धान्त आणि सुधारणा अशा दोन रुळांवर चालली. बिशपने आपल्या धर्मप्रांतात राहिलंच पाहिजे, याजकांसाठी सेमिनरी काढल्या पाहिजेत, पापक्षमेच्या नावाने वर्गणी गोळा करणारे पूर्ण बंद. या सुधारणा-ठरावांपैकी बहुतेक इथे वगळले आहेत. चर्चने स्वतःची घाण कशी उपसली याचा पुरावा नेमका त्या वगळलेल्या भागात आहे. संपादकांनी आपल्याच पक्षाचा उत्तम साक्षीदार बाहेर ठेवलाय, हे जरा विचित्रच.

वगळण्याची दुसरी बाजू कमी निरागस आहे. कॉन्स्टन्स परिषदेचा भाग ११५१ ला विक्लिफच्या विधानांपासून सुरू होतो. ती आठव्या बैठकीतली, मे १४१५ ची. पाचव्या बैठकीत, एप्रिल १४१५ मध्ये, त्याच परिषदेने ‘हेक सांक्टा’ ठराव करून परिषदेची सत्ता पोपवरही चालते असं जाहीर केलं होतं, आणि एकाच वेळी गादीवर हक्क सांगणारे तीन पोप हटवायला त्याच ठरावाचा आधार होता. त्याला क्रमांक नाही. तो बंधनकारक आहे की नाही यावर वाद आहे, मान्य. पण वादग्रस्त आहे म्हणूनच तो वाचकासमोर हवा होता.

शिकवण बदलली का, या प्रश्नासाठी ग्रंथ पुन्हा उपयोगी ठरतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. १३२६ वर फ्लोरेन्स परिषद (१४३९) आर्मेनियन लोकांना सांगते की याजकदीक्षेचं बाह्य साधन म्हणजे द्राक्षारसाचा प्याला आणि भाकरीची थाळी हाती देणं. ३८५७ पासून पायस बारावा (१९४७) सांगतो की बाह्य साधन फक्त हस्तस्पर्श. चर्चने स्वतः घातलेली अट चर्च बदलू शकतं. व्याजाची साखळी अशी: ९०६ (व्हिएन, १३१२), व्याज हे पाप नाही असं हट्टाने म्हणणाऱ्याला पाखंडी समजून शिक्षा, १४४२ (१५१५), गरिबांसाठीच्या गहाणपेढ्यांना परवानगी देताना व्याजखोरीची नेमकी व्याख्या, २५४६ (१७४५), कर्जाबाहेरच्या कारणांसाठी मोबदला चालेल, २७२२ (१८३०), कायदेशीर व्याज घेणाऱ्यांना पापकबुलीच्या वेळी त्रास देऊ नका. पाखंड्यांना जाळणं पवित्र आत्म्याच्या इच्छेविरुद्ध आहे, हे लुथरचं विधान १५२० मध्ये निषिद्ध (१४८३). धर्मस्वातंत्र्य हा मनुष्याचा हक्क, हे १९६५ मध्ये मान्य (४२४० पासून). नायसिया परिषदेच्या (चौथं शतक) १२५ पासून काल्सेडन परिषदेच्या (पाचवं शतक) ३०१-३०२ पर्यंतची ख्रिस्ताविषयीची शिकवण मात्र पुढच्या पंधराशे वर्षांत कुठेही मागे घेतलेली सापडत नाही. टिकलं काय आणि वळलं काय, हे इतक्या कमी जागेत पडताळता येणारं दुसरं साधन नाही.

नवख्यांच्या हमखास होणाऱ्या दोन चुका सांगायला हव्यात. एक, निषेधयादीतलं विधान चर्चची शिकवण म्हणून उद्धृत करणं. २९०१ ते २९८० ही पायस नवव्याची चुकांची यादी; तिच्यातलं प्रत्येक वाक्य निषिद्ध आहे. पान मध्येच उघडलं तर तसं दिसत नाही, कारण निषेधाचा मथळा सुरुवातीला एकदाच येतो. लुथरविरोधी यादीत (१४५१ ते १४९२) तर पुढचा पेच: एक्केचाळीस विधानं सरसकट ‘पाखंडी, किंवा निंद्य, किंवा खोटी, किंवा भाविकांच्या कानांना खुपणारी’ ठरवली आहेत. यातलं कुठलं पाखंडी आणि कुठलं नुसतं खुपणारं, हे मूळ पत्रकानेच सांगितलेलं नाही. तेव्हा १४८३ वरून ‘जाळणं हा श्रद्धेचा सिद्धान्त होता’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘जाळण्याला विरोध करणं रोमला चाललं नाही’ एवढाच निघतो, आणि तोही पुरेसा जड आहे.

दोन, सगळ्या क्रमांकांना सारखं वजन देणं. एका बिशपच्या शंकेला दिलेलं उत्तर आणि विश्वपरिषदेची व्याख्या एकाच टायपात, एकाच क्रमाने छापलेली असते. कॅथलिक पंडितांतूनच यावर टीका झाली. कार्ल रानर स्वतः या ग्रंथाचा संपादक होता, तरी सुट्या क्रमांकांवर धर्मशास्त्र रचण्याच्या सवयीला नावं ठेवणाऱ्यांत तोही होता. उपाय सोपा: क्रमांक वाचण्याआधी टिपण वाचा, आणि ‘शापित असो’ असा शेवट असलेलं कलम, त्याआधीचं विवेचन आणि खाजगी पत्र यांत फरक करा.

मागची विषयसूची अक्षरं आणि आकडे यांच्या सांकेतिक खुणांनी रचली आहे. ती शिकायला एक बैठक द्यावी लागते, पण ‘संस्कार देणाऱ्याची पात्रता’ या एका नोंदीत वर दिलेली सगळी साखळी हाती येते, एवढी ती कामाची आहे.

जोडीला काय ठेवायचं? परिषदांचे ठराव न कापता हवे असतील तर नॉर्मन टॅनरचे १९९० चे दोन खंड. ट्रेंटच्या सुधारणा आणि ‘हेक सांक्टा’ दोन्ही त्यात आहेत. पोपशाहीचे अडचणीचे कागद एका प्रोटेस्टंट संपादकाच्या नजरेने बघायचे तर कार्ल मिर्ब्टचा १८९५ चा जर्मन संग्रह. प्रोटेस्टंट आणि पूर्वेकडच्या चर्चच्या विश्वासांगीकारांसाठी फिलिप शाफचे तीन खंड, कारण डेन्झिंगर हा रोमच्या चर्चचा दप्तरखाना आहे. ऑर्थोडॉक्स बाजूने हाच प्रश्न विचारणाऱ्याला तो अर्धवटच पुरतो. लॅटिन अजिबात येत नसेल तरी फक्त भाषांतराची जुनी प्रत घेऊ नका. होनोरियससारख्या ठिकाणी मूळ स्तंभ शेजारी नसला तर वाद कशावरून आहे हेच कळत नाही. आणि एकच घ्यायचं असेल, आणि प्रश्न शिकवणीपेक्षा माणसांच्या वागणुकीचा असेल, तर डेन्झिंगर राहू द्या, टॅनर घ्या.